नऊ गोण्यांचा हिशेब : सातगाव पठारावरच्या एक एकर बटाट्याचं प्रकरण

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, तोही बहुतेक पावसाच्या भरवशावर. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव या बाजूला जूनमध्ये पाऊस लागला की पंजाबातून आलेल्या बेण्याच्या गोण्या सोडल्या जातात, फोडी कापल्या जातात आणि पंधरा दिवसांत लागवड उरकते. ज्या शेतकऱ्याची ही गोष्ट आहे त्यांचं नाव आणि गट नंबर इथे देत नाही. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. जमीन तांबूस, मध्यम ते हलकी, निचरा चांगला. बटाटा तीन एकर, त्यातला रस्त्याकडचा एक एकर खताच्या डोसाच्या या प्रकरणात आला.

निमित्त खताचं नव्हतं, मालाचं होतं. तात्यांनी आदल्या हंगामात चिप्सच्या वाणाचा करार केला होता. संकलन केंद्रावर मालाचा नमुना आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलतात. त्यावरून बटाट्यात कोरडा अंश किती ते कळतं. चिप्सला तो वीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर लागतो, नाहीतर काप तेल पितात. तात्यांचा माल तिथे कमी भरला. शिवाय साल सुटत होतं, अंगठा फिरवला की सोलून निघायचं. जो माल परत आला तो त्यांनी आरणीत, म्हणजे झाकून लावलेल्या ढिगात, ठेवला आणि त्यातला बराच सडला. केंद्रावरच्या माणसाने त्यांना एवढंच सांगितलं, की खत जास्त झालंय. तात्या माझ्याकडे आले ते रागानेच. "खत जास्त झालंय म्हंजे नक्की कुठलं झालंय, ते कुणी सांगंना."

प्रश्न रास्त होता. "खत कमी करा" हा सल्ला मला स्वतःला फार आळशी वाटतो. खताच्या गोण्यांत नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) अशा तीन वेगवेगळ्या वस्तू असतात, तिन्हींची पिकातली कामं वेगळी, आणि तिन्ही एकाच वेळी जास्त असतील असं नाही.

म्हणून आधी पावत्या घेऊन बसलो. एका एकराला तात्यांचा ठरलेला डोस असा होता : लागवडीच्या वेळी सरीत १०:२६:२६ च्या (शेकडा १० नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश असलेलं मिश्र खत) चार गोण्या आणि डीएपीच्या (नत्र-स्फुरदाचं खत) दोन, पुढे युरियाच्या तीन, एक भर लावताना (झाडाच्या बुंध्याला माती ओढताना), एक पंधरा दिवसांनी आणि एक साठाव्या दिवसाच्या आसपास, "पाला हिरवा राहावा म्हणून". एकूण नऊ गोण्या. मिश्र खताची आणि डीएपीची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ किलोची. १०:२६:२६ च्या २०० किलोतून २० किलो नत्र, ५२ किलो स्फुरद, ५२ किलो पालाश. डीएपीच्या १०० किलोतून १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद. १३५ किलो युरियातून ४६ टक्क्यांच्या हिशेबाने ६२ किलो नत्र. बेरीज : नत्र १००, स्फुरद ९८, पालाश ५२.

राहुरी कृषी विद्यापीठाची बटाट्याची शिफारस हेक्टरी १५० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी आहे. अडीचने भागलं की एकरी ६०, २४, ४८.

हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. पालाश बरोबर होता, जवळजवळ काट्यावर. नत्र दीडपटीच्या पुढे. आणि स्फुरद चौपट. ज्याला गावात सगळे "खत जास्त" म्हणतात त्यातलं खरं जास्त हे होतं, आणि ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. जादा युरिया पाल्यात दिसतो, जादा स्फुरद दिसत नाही.

आता हा स्फुरद जातो कुठे? एक टन बटाटा शेताबाहेर गेला तर सोबत साधारण साडेतीन किलो नत्र, दीड किलोच्या आत स्फुरद आणि पाच-सहा किलो पालाश जातो. एकरी आठ टन माल धरला तरी स्फुरद निघाला दहा-बारा किलो. आत गेला ९८. नत्राचं जे उरतं ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं किंवा हवेत जातं. स्फुरद तसा हलत नाही. तो मातीतल्या चुन्याशी, लोहाशी बांधला जातो आणि जिथे पडला तिथेच बसतो. वर्षाला ऐंशीच्या वर किलो शिल्लक, आणि तात्या हा डोस गेली कित्येक वर्षं टाकतायत. त्यातून एक वर्षाआड कोंबडीखताची ट्रॉली. ती कोणी हिशेबात धरतच नाही, कारण ती "सेंद्रिय" आहे. वाळलेल्या कोंबडीखतात टनामागे वीस-पंचवीस किलो स्फुरद सहज असतो.

त्यांच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका होती. तिच्यात स्फुरद "मध्यम" लिहिला होता, आणि तात्यांचा भरवसा त्या कागदावर होता. ती योजना २०१५ साली आली. तिच्या पद्धतीत बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतात. पठार जिरायती, म्हणजे पंचवीस एकरांच्या चौकोनातून एक नमुना. तो तात्यांच्या बांधाच्या आत घेतला होता की शेजारच्या पडीक तुकड्यात, हे पत्रिकेवरून समजत नाही. गावाची जमीन साधारण कशी आहे ते कळायला पत्रिका चांगली, पण एका एकराचा डोस तिच्यावरून ठरवणं चुकीचं.

मे महिन्यात नवा नमुना घेतला. झाडाखालची, बांधाजवळची आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी गोणपाटावर एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. अहवालात सेंद्रिय कर्ब कमी, पालाश मध्यम आणि स्फुरद प्रयोगशाळेच्या वर्गवारीत सगळ्यात वरच्या गटात. अशा जमिनीत स्फुरदाची मात्रा शिफारशीच्या निम्मी करतात. म्हणजे एकरी १२ किलो. १०:२६:२६ ची एक गोणी दिली की त्यात १३ किलो येतो, विषय संपला.

"एक गोणी? एकराला?" तात्या म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "तुमच्या चुलत्यानं सुदिक एवढं कमी टाकलं नसंल."

इथे मला तात्यांची बाजू मांडावीशी वाटते, कारण शहरात बसून शेतकऱ्याच्या हावेवर बोलणारे बरेच आहेत. एकराला सहा ते आठ क्विंटल बेणं लागतं. क्विंटलचा भाव तीन हजार धरला तरी अठरा ते चोवीस हजार रुपये जमिनीत जातात, तेही उधारीवर, आणि पाऊस कसा होईल याची खात्री नाही. त्या तुलनेत डीएपीची गोणी १,३५० रुपयांची, युरियाची २६६ रुपये ५० पैशांची. एवढ्या महागड्या बेण्यावर दोन गोण्या कमी टाकायची जोखीम कोण घेईल? जास्तीचं खत हा त्यांच्या लेखी विमा होता, आणि हप्ता परवडणारा होता. डोस ठरतो कसा तेही बघा : दुकानात जे असतं त्यावर. जूनमध्ये डीएपीची ओढ असते, आणि मग "दोन गोण्या देतो, पण सोबत ही बाटली आणि झिंकचं पाकीट घ्यावं लागेल" हे लिंकिंग सुरू होतं. तात्यांनी झिंकचं पाकीट तसंच घेतलं होतं. गंमत म्हणजे जमिनीत स्फुरद फार झाला की पिकाला जस्त, म्हणजे झिंकच, नीट उचलता येत नाही. म्हणजे एक खत दुसऱ्याची गरज वाढवतं आणि दुकानदार दोन्ही विकतो.

स्फुरद पूर्ण बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. बटाट्याची मुळं वरच्या फूटभर थरात, तीही विरळ. पावसाळी गार मातीत कोंब निघत असताना जवळ थोडा ताजा स्फुरद असलेला बरा, जमिनीत साठा असला तरी.

शेवटी घासाघीस झाली. एका गोणीवर तात्या येईनात, सहावर मी जाईना. दोन गोण्यांवर जमलं, आणि तेही अर्ध्या एकरातच. नवा डोस एकरी असा ठरला : १०:२६:२६ दोन गोण्या, म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) ३७ किलो, युरिया अडीच गोण्या. त्यातून नत्र ६२, स्फुरद २६, पालाश ४८. स्फुरद शिफारशीइतका झाला, निम्मा नाही. डीएपी शून्य. युरियाची एक गोणी लागवडीला, दीड गोणी भर लावताना, आणि त्यानंतर एक दाणाही नाही. विद्यापीठ नत्राचे दोन भाग लागवडीला आणि एक भाग महिन्याने द्यायला सांगतं. पठारावर जून-जुलैचा पाऊस धरून मी निम्मं-निम्मं केलं, कारण पहिला महिना पिकाला मुळं थोडीच असतात आणि वरून धो-धो पाऊस. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरावं असं माझ्या मनात होतं. त्यात ११ टक्के गंधकही मिळतं, हलक्या जमिनीला ते लागतं. पण तीन गोण्या सुपर वाहायचं, आणि ते युरियात मिसळून ठेवलं की ओलं होऊन ढेकळं धरतं. तात्यांनी नको म्हटलं, मी सोडून दिलं.

तुकडा कसा वाटायचा यावरून थोडं वाजलं. तात्यांचं म्हणणं, वरचा अर्धा तुम्हाला घ्या, खालचा मला. उताराच्या शेतात खालच्या अंगाला माती खोल आणि ओल जास्त, तिथे माल नेहमीच जास्त येतो. हे त्यांनाही माहीत होतं, फक्त ते बोलत नव्हते. उताराच्या दिशेने बारा-बारा सऱ्यांचे पट्टे पाडले, एक जुन्या डोसाचा, एक नव्या.

मूठ

कागदावरचा डोस जमिनीत उतरतो तो काकूंच्या मुठीतून. पुढे बैलाचा नांगर सरी पाडत जातो, मागून काकू पाटीतलं खत मुठीमुठीने सोडतात, त्यांच्या मागून दोन बायका फोडी टाकतात. दोन फुटांवर सरी धरली तर एकरात सरीची लांबी सुमारे ६,७०० मीटर भरते. जुन्या डोसाचं लागवडीचं खत ३०० किलो, म्हणजे दहा मीटरला ४५० ग्रॅम. नव्याचं १८२ किलो, म्हणजे २७० ग्रॅम. दहा मीटरची दोरी लावली, काकूंना म्हटलं, तुमच्या हिशेबाने टाका, आणि पाटी आधी-नंतर ताणकाट्यावर तोलली. नव्या पट्ट्यात त्यांनी जुन्या डोसाइतकंच टाकलं होतं. त्यात त्यांची चूक नव्हती, वीस वर्षांची मूठ होती ती. मग चहाचा एक रिकामा डबा घेतला, त्यात २७० ग्रॅम मिश्रण भरून जिथवर आलं तिथे खिळ्याने रेघ ओढली आणि दहा मीटरला एक डबा असं ठरवलं. पहिल्या दोन सऱ्यांना वेळ लागला, नांगरवाला कुरकुरला, नंतर हात बसला.

या मोजणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. दरवर्षी शेवटच्या सात-आठ सऱ्यांना खत पुरायचंच नाही, आणि त्या "दुबळ्या जमिनीच्या" सऱ्या म्हणून ओळखल्या जायच्या. जमीन तशी नव्हतीच, गोणी आधी संपायची. दुसरं, खत आणि फोड एकाच काकरात चिकटून पडत होत्या. कापलेल्या फोडीला खताचं मीठ लागलं की ती सडते किंवा कोंब उशिरा येतो. नव्या पट्ट्यात खतावर पायाने माती ओढून मग फोड ठेवायला लावली. बायकांना ते आवडलं नाही, कारण मजुरी सरीवर होती.

उगवण दोन्हीकडे चांगली झाली. भर लावायचा दिवस आला आणि पावसाने उघडीप दिली नाही, वाफसाच येईना. ओल्या पानांवर युरिया टाकला की पानं करपतात, आणि चिखलात टाकला तर निम्मा वाहून जातो. महिन्याच्या हिशेबाने पाच-सहा दिवस उशीर झाला, पण थांबलो.

पंचावन्नाव्या दिवसाच्या सुमारास फोन आला. नवे पट्टे रस्त्यावरून फिक्कट दिसत होते. गडद हिरव्याला लागून फिकट हिरवं, आणि जाणारे-येणारे तात्यांना विचारायचे, या पट्ट्याला काय झालं. तात्यांनी युरियाची गोणी आणून ठेवली होती.

हा या प्रकरणातला खरा पेच. बटाट्याला कंद धरायची वेळ साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसाची. त्यानंतर पानांत तयार झालेलं अन्न खाली कंदांत उतरायला लागतं. याच काळात नत्र हात सैल सोडून दिलं की झाड परत पाला वाढवायच्या मागे लागतं, कंद भरायला उशीर होतो, काढणीच्या वेळी ते कोवळेच असतात. कोवळ्या कंदाचं साल पक्कं होत नाही, त्यात पाणी जास्त आणि कोरडा अंश कमी. संकलन केंद्रावर जे भरलं नाही आणि आरणीत जे सडलं, त्याचं मूळ बहुतेक त्या साठाव्या दिवसाच्या गोणीत होतं.

पण फिकट पान म्हणजे उपाशी झाडही असू शकतं, म्हणून न बघता नाही म्हणणं मला पटेना. शेतात गेलो. सगळ्यात खालची दोन-तीन पानं पिवळसर, मधली आणि वरची सारख्या हिरव्या रंगाची. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं नव्हतं, म्हणजे मॅग्नेशियमची तक्रार नाही. कडा करपलेल्या नव्हत्या, म्हणजे पालाश पुरतोय. खालची पानं या वयात पिवळी पडतातच. तेवढ्याने तात्यांचं समाधान होईना, तेव्हा दोन्ही पट्ट्यांतलं एक-एक झाड उपटलं. नव्यात अंड्याएवढे कंद, सात. जुन्यात नऊ, पण त्यातले चार सुपारीएवढे. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. तात्यांना मात्र तेवढं पुरलं. गोणी परत गोठ्यात गेली.

निदान मला तसं वाटलं. काढणीच्या आधी कळलं की कडेच्या एका नव्या पट्ट्याला त्यांनी त्यानंतर गुपचूप युरिया दिला होता. रस्त्याच्या कडेचा पट्टा, लोकांना दिसणारा. म्हणजे आमच्याकडे न ठरवता तिसरा डोसही झाला : स्फुरद कमी, पण शेवटचा युरिया आहेच.

काढणी

काढणीआधी आठ-दहा दिवस पाला कापायचा असतो, साल पक्कं व्हायला. तात्या आजवर पाला कापायचे आणि तिसऱ्या दिवशी नांगर घालायचे, कारण भाव. या वेळी थांबले. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या सऱ्यांतला माल वेगळा काढून वेगळा तोलला, कडेच्या सऱ्या सोडल्या, कारण त्यांची मुळं शेजारच्या डोसात जातात.

वजनात फरक पडला नाही असंच म्हणायला हवं. एका जोडीत जुना पट्टा पिशवीभर पुढे, दुसऱ्यात नवा. मालाच्या प्रतीत मात्र फरक दिसला. नव्या पट्ट्यांत गोळी (अगदी बारीक बटाटे) कमी, मध्यम माल जास्त, आणि साल सुटलेले बटाटे निवडताना हाताला क्वचित लागत होते. पाण्यात तोलला तेव्हा नव्याचा नमुना केंद्राच्या अटीत बसला, जुन्याचा थोडक्यात राहिला. आणि कडेचा तो गुपचूप युरियाचा पट्टा? साल जुन्यासारखंच सुटत होतं. तात्यांनी तो माल स्वतःच बाजूला काढला, माझ्याकडे न बघता. माझ्या मते सगळ्या शेतात सगळ्यात उपयोगी पट्टा तोच ठरला. स्फुरद कमी केल्याने वजन घटलं नाही हे बाकीच्या पट्ट्यांनी सांगितलं, पण सालीचा दोष स्फुरदाचा नसून उशिराच्या नत्राचा होता हे त्या एकानेच वेगळं करून दाखवलं. एकाच पट्ट्यावर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच.

करप्याच्या फवारण्या दोन्हीकडे सारख्याच लागल्या. दाट पाल्यात करपा जास्त पसरतो हे खरं असलं तरी या शेतात ते दिसलं नाही, म्हणून त्या बचतीचा दावा करत नाही. पैशांत बघायचं तर डीएपीचे २,७०० रुपये आणि मिश्र खताच्या दोन गोण्या वाचल्या, त्यातून पोटॅशचा खर्च वजा केला तरी एकरी चार हजारांच्या वर उरले. बेण्याच्या खर्चापुढे ही रक्कम मोठी नाही. तात्यांना पटलं ते केंद्रावरून पिशव्या परत आल्या नाहीत यामुळे.

पुढच्या खरिपासाठी तात्यांनी तिन्ही एकरांना दोन गोण्यांचा डोस ठरवलाय आणि त्यातल्या दहा सऱ्यांवर ती एक गोणीवाली मात्रा बघायची तयारी दाखवलीय. जमिनीतला साठा किती वर्षं पुरेल हे सांगता येत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी त्याच एकराची माती तपासायची. कोंबडीखताची ट्रॉली या वर्षी बंद, त्याऐवजी शेणखत, तेही चांगलं कुजलेलं. पोटॅशचा मुद्दा मात्र शिल्लक आहे. म्युरेटमधल्या क्लोराइडमुळे कोरडा अंश थोडा घटतो, सल्फेट ऑफ पोटॅशने घटत नाही आणि गंधकही मिळतं, पण गोणीचा दर बराच चढा. करारात कोरड्या अंशाला जादा भाव नाही, फक्त कमी असला तर माल परत. तात्या म्हणाले, "मग त्या महागाच्या गोणीचे पैसे मला कोण देणार?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. एका पट्ट्यात घालून बघू, इतकंच ठरलंय.